पोटाला विश्रांती

उपवास केला की पोटाला विश्रांती मिळते, असं आई मला कळायला लागल्यापासून सांगत आली आहे. यंदा आषाढीला माझ्या पोटाला मिळालेली विश्रांती अशी: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दोनदा. अकराच्या चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. दुपारी वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. चारला केळ्याचे वेफर्स. रात्री रताळ्याचा कीस आणि साबुदाण्याचे वडे. एरवी मी दोन पोळ्यांवर उठतो.

रात्री दीडला छातीत जाळ पेटला.

दोष खिचडीला कसा देऊ? आईची खिचडी म्हणजे दाणा न् दाणा मोकळा, चिमटीत धरला तर लोण्यासारखा दबणारा. तिथेच घात होतो. पिष्ट पचवायचं काम तोंडातली लाळच सुरू करते, पण त्यासाठी घास तोंडात थोडा वेळ थांबायला हवा. तूप माखलेला साबुदाणा कसला थांबतोय! घसरगुंडीवरून पोरं सुटावीत तसा तो सरळ खाली. पुढे जठरातल्या आम्लात लाळेचं काही चालत नाही. उरलेलं पिष्ट मग लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाच्या गळ्यात पडतं.

आणि तिथवर पोचायलाही रांग. खिचडीतलं तूप, दाण्याचं कूट, वड्यांचं तेल अशी स्निग्ध मंडळी लहान आतड्याच्या दारात पोचली, की आतडं वर निरोप धाडतं, ‘जरा दमानं, इथे आधीच्यांचंच आटपलेलं नाही.’ जठर बिचारं माल धरून बसतं. वरून माझी आवक चालूच. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. पोट तट्ट फुगलं की ती सैल पडते आणि आम्ल वर चढतं. जठराला आतून बुळबुळीत अस्तर आहे, त्याला हे आम्ल सोसतं. अन्ननलिकेला तसलं अस्तर नाही. त्यात मी जेवल्या जेवल्या आडवा झालेलो, म्हणजे आम्लाला चढ चढायचेही कष्ट नाहीत.

उजव्या कुशीवर वळलो तर आणखी भडकलं. डाव्या कुशीवर जरा बरं वाटलं. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं म्हणे. आजी ‘जेवल्यावर वामकुक्षी’ म्हणायची, ते उगाच नव्हतं.

झोप उडालीच होती, तर एका गड्याची आठवण झाली. १८२२ साली अमेरिकेत एका तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार घुसला. तो वाचला, पण जठरापर्यंतचं भोक बुजलं नाही. बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरनं मग रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले आणि तासातासानं ओढून बघितले. माझ्या पोटात कुणी दोरा सोडला असता तर रात्री दीडला सकाळचा साबुदाणा नाही, पण रात्रीचा वडा नक्की सापडला असता, जवळजवळ अखंड. तो गडी पुढे डॉक्टरपेक्षाही जास्त जगला. त्याला आषाढी नव्हती.

एवढ्यात खालच्या मजल्यावर ढोलताशे सुरू झाले. रताळ्याचा जो भाग लहान आतड्याला पचत नाही, त्यावर मोठ्या आतड्यातले जिवाणू ताव मारतात आणि वायू करतात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, घरात माणसं आहेत.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो.

“काल काय खाल्लंत?”

“उपवास होता.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून पुसला. “तरीच. सकाळपासून तुम्ही सातवे.”

खरं तर बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो कसावा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. समुद्र ओलांडून आलेल्या या पाहुण्यांना एकादशीला मुभा आणि घरच्या गहू-तांदळाला बंदी! हे घरी बोललो तर आई म्हणाली, “खिचडीनं काही होत नाही हो. तो लाडू बाहेरचा होता ना, त्यानं झालं.” मग झाकणीखालची ताटली माझ्यापुढे सरकवली. “रात्रीचे दोन वडे उरलेत. आज बारस, म्हणजे आता ते उपवासाचे नाहीत. चहाबरोबर खाऊन टाक.”