डिचोलीचा समुद्रकिनारा

आपल्या धंद्याचा व्हिडिओ करून घ्यायचं मनात आहे? उत्तम. मग विचार करणं आधी सोडा. व्हिडिओ कोणी बघायचा, बघून त्यानं दुकानात यायचं की फोन करायचा, असले प्रश्न विचारणारा माझ्यासारखा व्हिडिओवाला भेटला तर तो कामचुकार समजावा. शेजारच्यानं केला म्हणून आपल्यालाही हवा, एवढं कारण भरपूर झालं.

लिहून तर काहीच ठेवू नका. मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलून होतात, म्हणजे दोन मिनिटांत फार तर तीनशे. त्यातले दोनशे देवाचे, आईवडिलांचे आणि आमदारांचे आभार मानण्यात गेले की उरलेल्या शंभरांत पन्नास वर्षांचा कारखाना आरामात बसतो.

गाणं हिंदी सिनेमातलंच घाला. यूट्यूबनं आवाज बंद केला की व्हिडिओवाल्याला झाडा.

आवाजाची चिंता कशाला? मागं बॉयलर चालू ठेवा, वर पत्र्यावर पाऊस पडू द्या आणि मुलाखत द्या. "एडिटिंगात काड मरे!" एडिटिंग म्हणजे गावचा राखणदार. गाऱ्हाणं घातलं की सगळं निस्तरतो.

आणि ड्रोन! ड्रोन हवाच. आमचे पात्रांव (म्हणजे शेठ; नाव सांगत नाही, काजूवाले आहेत, एवढं पुरे) पहिल्या भेटीत बसायच्या आधी हेच बोलले. त्यांचा कारखाना डिचोली तालुक्यात. गोव्याचा नकाशा ज्यानं शाळेत एकदा तरी रंगवलाय, त्याला ठाऊक आहे की डिचोलीत खाणी आहेत, मयेचं तळं आहे, नार्व्याचा सप्तकोटेश्वर आहे. समुद्र नाही. तरी व्हिडिओ सुरू कशानं होतो? लाटांनी. मग माड, मग सूर्यास्त, मग पांढऱ्या झग्यातली एक मुलगी वाळूत धावते. कुठे धावते ते तिलाही माहीत नाही. पहिला काजू दिसतो चाळिसाव्या सेकंदाला, तोवर बघणारा जेवायला उठलेला असतो. मी म्हटलं, पात्रांव, ड्रोन वाटेल तिथं उडवता येत नाही. एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ, त्यात दाबोळीला नौदल. २०२१ च्या नियमांप्रमाणे नकाशावरच्या लाल पट्ट्यात केंद्राची परवानगी लागते, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची. तर म्हणतात, "कोण पळयता रे?" कोण बघतो! पोलिस आले की रिमोट कोणाच्या हातात सापडणार? तुमच्या? तुम्ही तेव्हा गाडीत एसी लावून बसलेले असणार.

असो. शांतपणे पुढचा सल्ला.

सगळं चित्रण आडवं करून घ्या आणि काम संपल्यावर सांगा की रीलसाठी उभं पाहिजे. आडव्या चौकटीतून उभी कापली की चित्राचा एक तृतीयांशही भाग उरत नाही. त्यात तुमचा एक कान आणि मागच्या समईचा अर्धा भाग मावतो. तोच अपलोड करा.

मंजुरी मात्र घरातल्या सगळ्यांची घ्यावी. बायको, धाकटा भाऊ, दुबईतला मेहुणा आणि बारावीतला मुलगा, कारण तो स्वतः रील करतो. फाइल व्हॉट्सॲपवर फिरवा. तिथं ती दाबून चपटी होते, मग फोन करा, "इतके पैसे घेऊन धुरकट कसा?" ड्राइव्हची लिंक दिली होती, ती उघडायची नाही, लिंकमध्ये व्हायरस असतो. 'फायनल' झाली, 'फायनल नवीन' झाली, 'हीच घ्या' झाली. परवा, अकराव्या खेपेला, पात्रांवांचा व्हॉइस मेसेज आला: पहिलीच बरी होती.

पहिली! त्या पहिल्या प्रतीतूनच तर तुम्ही एक गोष्ट काढायला लावली होती.

काजू फोडायच्या शेडमध्ये मी दोन तास बसलो होतो. हातापायानं चालवायच्या यंत्रावर एक मावशी बिया फोडत होती. पायानं दाब द्यायचा, हातानं मूठ फिरवायची, आणि टरफलातून गर अख्खा बाहेर. बोलता बोलता, मान वर न करता. "कुडको जालो काय मोल गेलें," म्हणाली. तुकडा झाला की किंमत गेली. मग पुढच्या टेबलावर बायका साल काढून आकाराप्रमाणे प्रतवारी लावत होत्या. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, डब्ल्यू १८० म्हणजे त्याहून कितीतरी मोठे, हे गिऱ्हाइकाला कुठे माहीत असतं? पाकिटावरचा आकडा वाचून त्याला तो कारखान्याचा पत्ता वाटतो. ते सगळं नव्वद सेकंदांत, एक शब्द निवेदनाशिवाय, त्या हातांतून कळत होतं. मी इतकी वर्षं हे काम करतोय, असा तुकडा वर्षातून एखादा मिळतो.

तुम्ही म्हणालात, "ते काळे हात बरे दिसना. काड."

काळे नाही तर काय असणार, पात्रांव? टरफलातलं तेल कातडी जाळतं. वीस-वीस वर्षं ते बोटांत मुरलंय. तुमचा बंगला त्या हातांनी उभा केला, आणि व्हिडिओत त्यांच्या जागी काय आलं? नेलपॉलिश लावलेली तुमची पुतणी काचेच्या वाडग्यात काजू ओततेय. तेही तीनदा, स्लो मोशनमध्ये. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, कारण कुठलाही काजू गोव्याचा म्हणून खपवला जातो. तुमचा खरोखर इथला, इथं फोडलेला. त्याचा पुरावा तुमच्याच शेडमध्ये रोज आठ तास बसतो, तो तुम्ही लपवता आणि हरमलच्या लाटा दाखवता. लाज वाटायला हवी त्या हातांची नव्हे, पुतणीच्या वाडग्याची.

तो तुकडा मी पुसलेला नाही. हार्ड डिस्कवर आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक ती करून घेणारा असतो. मोबदला देऊन, पात्रांव. तुम्ही अर्धाच दिलाय, आणि गणपतीची चवथ होऊन महिना झाला.