‘जिवंत प्रवाळाचं वय २,००० वर्षं निघालं’ : या मेसेजमधलं खरं किती?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. त्यातले दावे असे: प्रवाळ फक्त उबदार, उथळ समुद्रात वाढतात. प्रशांत महासागराच्या तळातून काढलेल्या जिवंत प्रवाळाचं कार्बन डेटिंग केलं की वय २,००० वर्षं येतं, म्हणजे पद्धतच खोटी. सांगाडा आजूबाजूच्या पाण्याशी जुळत नाही हे शास्त्रज्ञच मान्य करतात, म्हणून त्यावरून जुन्या समुद्राचं रसायन सांगणं ही थाप. आणि खोल पाणी आधीच जास्त आम्लधर्मी असून तिथे प्रवाळ जगतात, तर काळजी कशाची?

पहिला मुद्दा लक्ष्मी रोडवरच निकालात निघतो. सराफाकडच्या अस्सल लाल पोवळ्याची सर्वांत प्रसिद्ध जात भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढते. उथळ पाण्यातल्या प्रवाळांसारखं तिच्या अंगात शेवाळ राहत नाही, त्यामुळे तिला उन्हाची गरज नसते. नॉर्वेजवळ तर ४ ते १२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात प्रवाळांचे मोठे बांध आहेत.

२,००० वर्षांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण तो आकडा बरोबर आहे आणि त्याचा अर्थ चुकीचा लावलाय. कार्बन डेटिंग ज्यावर चालतं तो कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, हवेत तयार होतो. पाणी पृष्ठभाग सोडून खोल गेलं की नवा पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उत्तर प्रशांतच्या तळाचं पाणी या घड्याळाने साधारण २,००० वर्षांचं आहे. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा त्याच पाण्यातल्या कार्बनपासून बांधतो. म्हणून कालच तयार झालेला सांगाडाही तेवढाच जुना दिसतो. मोजलं गेलं ते पाण्याचं वय.

मग प्रवाळाचं वय कसं काढायचं? त्यासाठी दुसरं घड्याळ आहे. सांगाड्यात युरेनियम दहा लाखांत ३ ते ५ भाग असतं, आणि समुद्राच्या पाण्यात थोरियम जवळपास नसतंच. सांगाड्यात सापडणारं थोरियम-२३० म्हणजे युरेनियमचा क्षय होऊन साठलेलं. त्यावरून खरं वय, त्या वयावरून सुरुवातीचा कार्बन-१४, आणि त्याची तेव्हाच्या हवेशी तुलना केली की ते पाणी किती वर्षं हवेपासून तुटलेलं होतं ते कळतं.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम उत्तर अटलांटिकमधले, सुमारे १,८०० मीटर खोलीवरचे, १५,४०० वर्षांपूर्वीचे प्रवाळ असे तपासले. प्रवाळ बुडापासून वर वाढतो, म्हणजे टोक तरुण. पण कार्बनच्या घड्याळात टोक बुडापेक्षा जास्तीत जास्त ६७० वर्षांनी म्हातारं निघालं, आणि या प्रवाळांचं आयुष्य होतं ३० ते १६० वर्षांचं. एका प्रवाळाच्या हयातीत त्याच्याभोवतीचं पाणीच बदललं होतं! मेसेजवाले ज्याला चूक म्हणतात, त्याच फरकात ही नोंद आहे.

चुका होतात त्या नमुन्याच्या सफाईत. जुन्या सांगाड्यावर लोह-मँगनीजचा काळा थर असतो आणि त्यात बाहेरचं थोरियम असतं. तो हातातल्या ड्रिलने खरवडतात, किड्यांनी पोखरलेला भाग कापून टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात अल्ट्रासॉनिक धुणं, शेवटी सौम्य आम्ल. थोरियम-२३२ ही बाहेरच्या थोरियमची खूण; ते जास्त आलं तर सफाई कमी पडली. सुरुवातीचं युरेनियम-२३४ चं प्रमाण समुद्राच्या नेहमीच्या प्रमाणापासून (युरेनियम-२३८ च्या तुलनेत सक्रियता, म्हणजे क्षयाचा वेग, सुमारे १.१४७ पट) फार ढळलं, तर सांगाड्यातल्या युरेनियमची मागाहून बाहेरच्याशी देवाणघेवाण झालेली असते. तो नमुना बाद. कार्बनसाठी बाहेरचा थर ऐन मोजणीआधी आम्लाने काढतात, कारण ताजा कापलेला पृष्ठभाग आजच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो.

सांगाडा पाण्याशी जुळत नाही, हे खरं आहे. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो नुसत्या रसायनाने. प्रवाळ मात्र आतल्या द्रवाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका जास्त तितकं आम्ल कमी) बाहेरच्यापेक्षा अर्धा ते एक अंकाने वाढवून बांधकाम करतो. त्यामुळे एकाच सांगाड्यात ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या (हलक्या-जड अणूंच्या) प्रमाणात हजारी ४ चा फरक दिसू शकतो. सरळ तापमानात बदलला तर तो जवळजवळ १८ अंश होईल, आणि तिथल्या पाण्यात तसा बदल झालेलाच नसतो. म्हणून ऑक्सिजनवरून थेट तापमान कोणी काढत नाही. लिथियम आणि मॅग्नेशियम या प्रक्रियेत बरेचसे सोबतच वरखाली होतात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर घेतलं की जिवाचा परिणाम बराचसा निघून जातो. ते तापमानाच्या दर अंशाला सुमारे ५ टक्क्यांनी बदलतं. नमुना सांगाड्यातल्या पातळ पडद्याच्या मधल्या, जिथून स्फटिक वाढायला लागतात त्या पट्ट्यातून घ्यायचा नाही, तिथे मॅग्नेशियम भलतंच जास्त असतं. बाजूच्या तंतुमय भागातून घ्यायचा. कार्बन-१४ चं काम सोपं आहे: जिवाने हलक्या-जड अणूंत केलेली निवड कार्बन-१३ या क्षय न होणाऱ्या प्रकारामध्येही दिसते, तिच्यावरून ती वजा करता येते.

राहिलं आम्लाचं. जिवंत प्रवाळाचा सांगाडा मांसल आवरणाखाली असतो, तो काही काळ तग धरतो. मेलेल्या भागाला हे आवरण नसतं, आणि आम्ल वाढून पाण्यात कार्बोनेट कमी पडलं की तो विरघळायला लागतो. १५,४०० वर्षांपूर्वीची नोंद ज्यांच्यात सापडली, ते सांगाडे मेलेलेच होते.