श्रीराम सिंग 'जोशात वाहून' गेला नव्हता

पोलीस भरतीची चाहूल लागली की आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत पहाटे डांबरी रोडवर पोट्टे पळताना दिसतात, आणि त्यांच्या मोबाइलवर हा मेसेज फिरतो: '1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये 800 मीटरच्या फायनलला श्रीराम सिंग पहिल्याच राउंडला जोशात सुटला, दम संपला, सातवा आला. हळू सुटला असता तर मेडल होतं. शेतात पळून तयार झालेला गडी, सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून भरतीच्या 1600 मीटरला सुरुवात हळू करा.'

सातवा आला, खरं. दुसऱ्या राउंडला वेग पडला, हेही खरं.

पण जोशात? त्याचे पहिले 400 मीटर 50.85 सेकंदांत झाले. लगेच मागे क्युबाचा हुआंतोरेना होता, म्हणजे त्याचाही पहिला राउंड जवळपास तेवढाच. तो 1:43.50 चा विश्वविक्रम करून सुवर्ण घेऊन गेला. मग तोच वेग एकाची हुशारी आणि दुसऱ्याचा येडेपणा कसा? लंडन ऑलिम्पिकला 2012 मध्ये केनियाच्या रुडिशाने 1:40.91 चा विक्रम केला, त्यातही पहिला राउंड 49.28 चा आणि दुसरा 51.63 चा. या पातळीवर 800 असंच पळतात.

मेडलचं म्हणाल तर कांस्यपदक 1:44.12 ला गेलं. श्रीराम सिंगची वेळ 1:45.77, आणि हीच त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम. ती भारतात 2018 पर्यंत कोणाला मोडता आली नाही. जिन्सन जॉन्सनने मोडली तीही 1:45.65 ने, म्हणजे 42 वर्षांनी 0.12 सेकंदाने. अशा धावेला फसलेली धाव म्हणणाऱ्याने एकदा घड्याळ लावून 400 मीटर पळून पाहावं.

'सांगणारं कोणी नव्हतं' हे तर साफ खोटं. राजस्थानातल्या खेड्यातला हा माणूस राजपुताना रायफल्समध्ये होता, आणि प्रशिक्षक होते इल्यास बाबर, ज्यांना पुढे द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 1970 च्या आशियाई स्पर्धेत रौप्य, 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये प्राथमिक फेरीतच बाहेर, 1974 ला तेहरानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, मग मॉन्ट्रियल. पुढे 1978 ला बँकॉकमध्ये पुन्हा सुवर्ण.

उरला सल्ला. 1600 ला एकदम सुटू नये हे ठीकच, पण 'हळू' म्हणजे किती? 5:10 मध्ये यायचं तर चारही राउंड 77-78 सेकंदांचे हवेत. पहिला 90 चा काढला तर उरलेल्या तिघांना सरासरी 73 लागतील. काढता का? पोरींचं अंतर 800 असलं तरी त्यांनीही श्रीराम सिंगची नक्कल करू नये: 2:50 ला यायचं तर दोन्ही राउंड 85 चे धरा.