'सह्या, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे': एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हवामानशिक्षणासाठी विद्यापीठांनी एकत्र येऊन संयुक्त अभ्यासक्रम चालवावेत, असे प्रतिपादन करणाऱ्या माझ्या लेखावर आपण नोंदवलेली दीर्घ प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: विद्यापीठांमधील सामंजस्य करार हा निव्वळ देखावा आहे, परिषदांसाठी होणारा विमानप्रवास पर्यावरणाच्या नावाने पर्यावरणाचीच हानी करतो, संपन्न विद्यापीठे गरीब विद्यापीठांकडून नोंदी गोळा करून घेतात आणि शोधनिबंधावर स्वतःचे नाव पुढे लावतात, आणि हवामानाचा प्रश्न शेवटी अभियंते व सरकारे सोडवतील, विद्यार्थ्यांचे गट नव्हेत. या सगळ्याच्या मधोमध आपले एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे देते: "सह्या, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे यांपलीकडे विद्यार्थ्यांच्या या तथाकथित सहकार्यातून आजवर काहीही निष्पन्न झालेले नाही, आणि लेखिकाबाईंनी वर्गाचे दार तरी पाहिले आहे का, अशी शंका येते."

माझे उत्तर मुख्यतः या वाक्याला आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. या लेखमालेवर अनेक वाचकांनी कडाडून टीका केली आहे आणि त्यांतील काहींशी माझा पत्रव्यवहार आजही सुरू आहे. परंतु ज्यांनी आक्षेप घेतले त्यांनी ते लेखातील विधानांवर घेतले. लिहिणारीने वर्ग पाहिला आहे की नाही, याची चौकशी त्यांनी केली नाही. 'लेखिकाबाई' हे संबोधन, 'तथाकथित' हे विशेषण आणि 'शंका येते' हा सौजन्याचा बुरखा घातलेला आरोप, हे तिन्ही एकाच वाक्यात बसवण्याचे आपले कौशल्य मान्य करावेच लागेल. आपला मुद्दा या तिन्हींवाचूनही मांडता आला असता, आणि तसा मांडला असता तर कदाचित तो मुद्दा म्हणून उभा राहिला असता.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे मान्य करते. लेखाच्या शिरोभागी दोन विद्यापीठांचे प्रतिनिधी हस्तांदोलन करीत असल्याचे जे छायाचित्र होते, ते लेखाच्या आशयाला शोभणारे नव्हते. ते मी काढून टाकले आहे. त्या एका छायाचित्रावरून संपूर्ण लेखाचा निवाडा करण्याची घाई आपण केली, हा भाग वेगळा.

आता 'काहीही निष्पन्न झालेले नाही' याविषयी. इतके सर्वव्यापी विधान करताना थोडी सावधगिरी बाळगायला हवी होती, कारण ते खोडून काढण्यास एकच उदाहरण पुरते. साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या व्हानुआतू या द्वीपदेशातील विधी विभागात 2019 साली 27 विद्यार्थ्यांनी, अस्तित्वात असलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या आधारे हवामानबदलाविरुद्ध काय करता येईल, याचा अभ्यास करता करता एक मागणी पुढे आणली: देशांची याबाबतची कायदेशीर जबाबदारी काय, यावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे. त्यांनी संघटना उभारली, प्रशांत महासागरातील द्वीपदेशांच्या नेत्यांना पत्रे लिहिली, इतर खंडांतील तरुणांना सोबत घेतले. व्हानुआतूच्या सरकारने ती मागणी उचलून धरली. 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तसा ठराव मतदानाविना, सर्वसंमतीने मंजूर केला. डिसेंबर 2024 मध्ये हेग येथे सुनावणी झाली आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने एकमताने मत दिले, की हवामानव्यवस्थेचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि त्याचा भंग झाल्यास नुकसानभरपाईपर्यंतचे परिणाम उद्भवू शकतात. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, बंधनकारक निकाल नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही यापुढे जगातल्या कोणत्याही न्यायालयात हवामानविषयक दावा दाखल झाला, तर त्यात या मताचा आधार घेतला जाऊ शकेल. वर्गातल्या एका अभ्यासातून हे घडले. प्रमाणपत्रांपलीकडे काहीच निघत नाही, असे म्हणणाऱ्याने याची दखल कशी घेतली नाही, हे मला खरोखरच उमगत नाही.

आपण कदाचित म्हणाल की हे विद्यापीठीय भागीदारीचे उदाहरण नव्हे, ही तर विद्यार्थ्यांची चळवळ. म्हणूनच सांगते, की ते विद्यापीठच मुळात भागीदारीतून जन्मले आहे. 1968 साली स्थापन झालेले हे विद्यापीठ 12 द्वीपदेशांच्या सरकारांच्या सामायिक मालकीचे आहे, कारण त्यांपैकी बहुतेकांना स्वतंत्र विद्यापीठ पोसणे शक्य नव्हते. निरनिराळ्या बेटांवरचे विद्यार्थी एका बाकावर बसले आणि ज्या समुद्राची पातळी वाढते आहे तो सगळ्यांचाच समुद्र आहे, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन समजावण्याची गरज उरली नाही. माझ्या लेखातला संयुक्त अभ्यासक्रमाचा आग्रह हाच आहे. लेखाच्या उत्तरार्धात तो आला आहे. तिथवर पोहोचण्याइतकी सवड आपल्याला मिळाली नसावी.

आणि वर्गाच्या दाराविषयी. माझे सारे व्यावसायिक आयुष्य त्या दाराच्या आत गेले आहे. हे सांगावे लागणे मला अप्रशस्त वाटते, परंतु विचारले आहे म्हणून सांगते. दोन देशांतील दोन विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे मिश्र गट करून मी संयुक्त अभ्यास चालवला आहे, आणि एकाही विद्यार्थ्याला त्यासाठी प्रवास करावा लागला नाही. काम वरवर साधे होते: आपापल्या परिसराचे वर्षभराचे कार्बन उत्सर्जन मोजायचे आणि एकमेकांचे आकडे तपासायचे. उत्सर्जनाच्या मोजणीत तीन कक्षा मानतात. स्वतः जाळलेले इंधन ही पहिली, विकत घेतलेली वीज ही दुसरी, आणि लोकांचे येणे-जाणे, खरेदी, कचरा, दौरे असे उरलेले सगळे तिसरीत येते. पहिल्या दोन कक्षांची बेरीज झाल्यावर एक विद्यापीठ फारच स्वच्छ निघाले आणि तिथले विद्यार्थी सुखावले. मग पलीकडच्या गटाने विचारले, की आमच्यापेक्षा तुम्ही वीज जास्त वापरता, तरी तुमचे उत्सर्जन कमी कसे? उत्तर वीजजाळ्यात होते. एकीकडची वीज मुख्यतः जलविद्युत प्रकल्पांतून येत होती, दुसरीकडची कोळशावर चालणाऱ्या केंद्रांतून; कोळशापासून तयार होणाऱ्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांनी दिवे काटकसरीने वापरले त्यांच्या खात्यावर अधिक उत्सर्जन, आणि ज्यांनी तसा विचारही केला नाही ते निर्मळ. यात श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा, यावर जी चर्चा पेटली ती मी कोणत्याही पाठ्यपुस्तकातून घडवू शकले नसते.

पुढे तिसरी कक्षा आली आणि पारडे फिरले. स्वच्छ ठरलेल्या विद्यापीठाने परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा विमानप्रवास मोजणीत धरलाच नव्हता. तो धरावा की नाही, याला नियमांत ठाम उत्तर नाही. हिशेबाची सीमा कुठे आखायची हे बऱ्याच अंशी मोजणाराच ठरवतो. उत्सर्जनाच्या आकड्यामागे कोणीतरी घेतलेला निर्णय असतो, हे त्या मुलामुलींना दुसऱ्या गटाच्या प्रश्नांमुळे कळले. मी ते फळ्यावर लिहून दिले असते तर त्यांनी वहीत उतरवून परीक्षेत परत केले असते. एका वर्गात सगळेच एका वीजजाळ्यावर, एका हवामानात आणि एकाच समजुतींत वाढलेले असतात, तेथे हा प्रश्न विचारणार कोण?

या अभ्यासाला श्रेयांक (पदवीसाठी मोजली जाणारी 'क्रेडिट्स') मात्र मिळाले नाहीत. एका संस्थेच्या (नाव घेण्याचे कारण नाही) प्रमुखांनी परीक्षांची वेळापत्रके जुळत नाहीत, सत्रे वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होतात, गुणपत्रिकेवर दुसऱ्या विद्यापीठाची नोंद कोणत्या रकान्यात करायची हे नियमांत नाही, अशी कारणे दिली आणि विषय संपवला. विद्यार्थ्यांनी ते काम नेमलेल्या अभ्यासक्रमाच्या वर केले. आपल्याला करारांचा राग आहे ना? मग तो राग येथे यायला हवा होता. करार झाला, सह्या झाल्या, आणि त्यात सत्रांचे वेळापत्रक, श्रेयांकांचे हस्तांतरण, मूल्यमापन कोणी करायचे, शिक्षकाच्या कार्यभारात ते तास धरायचे की नाही, यांपैकी एकही कलम नव्हते. सहकार्य खरे की देखाव्याचे, हे या कलमांवरून ठरते, आणि माझ्या लेखाचा अर्ध्याहून अधिक भाग त्यांच्याविषयी आहे. आपण त्यांतल्या एकाचाही उल्लेख केलेला नाही. करार हा देखावा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे; करारात काय लिहावे हे सांगणे कष्टाचे आहे.

ताल्वारच्या जाहीरनाम्याचा आपण केलेला उपहासही याच जातीचा आहे. 1990 साली फ्रान्समधील ताल्वार येथे 22 विद्यापीठप्रमुखांनी उच्च शिक्षणात पर्यावरण आणि शाश्वततेला स्थान देण्याचा दहा कलमी कार्यक्रम स्वीकारला आणि पुढे पाचशेहून अधिक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही केलेल्या प्रत्येक संस्थेने कार्यक्रम राबवला, असे मी कुठेही म्हटलेले नाही. परंतु पर्यावरणविषयक साक्षरता हे प्रत्येक विद्यापीठाचे काम आहे, केवळ पर्यावरणशास्त्र विभागाचे नव्हे, ही मागणी घेऊन आपल्या कुलगुरूंच्या दालनात जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती त्यामुळे त्यांच्याच सहीचा कागद आला. सही करणारे ती विसरतात, हे खरे. पण विद्यार्थ्यांनीही ती विसरावी, असा आपला आग्रह का?

उरलेल्या मुद्द्यांविषयी थोडक्यात. विमानप्रवासाचा आक्षेप माझ्या लेखाला लागूच होत नाही, कारण मी ज्याविषयी लिहिले ते सहकार्य प्रवासाशिवायचे आहे. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने 2006 पासून अशा सहयोगी ऑनलाइन अध्ययनासाठी स्वतंत्र केंद्र चालवले. दोन देशांतील दोन शिक्षकांनी आपापल्या विषयाचा काही आठवड्यांचा भाग एकत्र रचायचा, ही पद्धत तेव्हापासून अनेक देशांत रुळली आहे. वार्षिक परिषदांना जाणाऱ्या प्राध्यापकांचा हिशेब आपण त्यांच्याकडे मागावा. अभियंते आणि सरकारे प्रश्न सोडवतील, या विधानावर काय बोलावे? ते अभियंते आणि ते अधिकारी कुठल्या तरी वर्गातूनच येणार आहेत. 2015 च्या पॅरिस करारातील बाराव्या कलमात शिक्षण, प्रशिक्षण आणि लोकसहभाग यांसाठी सहकार्य करण्याचे बंधन सरकारांनी स्वतःवर घालून घेतले आहे. ज्या सरकारांवर आपण विसंबून आहात त्यांनाही अभियंते पुरेसे वाटलेले नाहीत.

राहिला नोंदी कोणाच्या आणि नाव कोणाचे, हा मुद्दा. असे प्रकार घडतात आणि त्याविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा लेख पदवीच्या वर्गातील विद्यार्थ्यांविषयी होता, शोधनिबंधांच्या श्रेयवाटपाविषयी नव्हता. त्यामुळे त्या वादात मी येथे शिरणार नाही. आपल्याला त्यावर सविस्तर लिहावयाचे असल्यास प्रतिक्रियेची जागा खुली आहे, फक्त या वेळी लिहिणारीच्या पात्रतेची चौकशी बाजूला ठेवून लिहावे, आणि संयुक्त अभ्यासाचे श्रेयांक दोन्ही गुणपत्रिकांवर कसे नोंदवावेत याबद्दल आपल्याकडे काही सूचना असेल तर तीही द्यावी.