खुर्च्यांच्या आधी पंप बघा

अहमदाबादला २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा मिळाल्यापासून पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांत एकच तक्रार ऐकतोय: गुजरात पुढे गेला, आता आपल्यालाही हजारो खुर्च्यांचा, कायमचा, 'ऑलिम्पिक दर्जाचा' पोहण्याचा तलाव हवा. ही चर्चा खुर्च्यांवर सुरू होते आणि छपरावर संपते, याचा मला मनापासून राग येतो.

दर्जा मिलिमीटरमध्ये असतो. दोन्ही भिंतींवर सेंटिमीटरभर जाडीचे टचपॅड, म्हणजे पोहणाऱ्याचा हात लागला की वेळ नोंदवणारे पट्टे, बसतात आणि ते बसवल्यावर प्रत्येक लेन ५० मीटर भरावी लागते. एक सेंटिमीटर जास्त चालतो, कमी अजिबात नाही. म्हणजे टाकी किमान ५०.०२ मीटरची हवी. ठेकेदाराने बरोबर ५० मीटर धरून काँक्रीट ओतलं आणि वर टाइल चढवल्या, की तिथला विक्रम बाद. १९७२ला म्युनिकमध्ये गुन्नार लार्सनने टिम मॅकीला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरवलं. तेवढ्या वेळात पोहणारा तीनेक मिलिमीटर सरकतो. लेनच्या लांबीतला फरकच त्याहून मोठा असू शकतो, म्हणून आता निकाल शतांशावर थांबतो.

स्टार्टचंही तसंच. स्टार्टर, म्हणजे शर्यत सुरू करणारा पंच, लेन एकपाशी उभा राहिला, तर लेन आठ तिथून साडेसतरा मीटरवर. आवाज पोहोचायला पाच शतांश लागतात आणि पदक एका शतांशाने जातं. म्हणून प्रत्येक ब्लॉकला, म्हणजे उडी घेण्याच्या ओट्याला, वेगळा स्पीकर लागतो.

आणि पंप. गाळलेलं पाणी आत सोडणारी तोंडं नीट विभागली नाहीत, तर टाकीत संथ भोवरा तयार होतो. २०१३च्या बार्सिलोना जागतिक स्पर्धेतल्या वेळा अमेरिकी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा कडेच्या लेनमध्ये जाताना आणि येताना वेगळा वेग दिसला. खेळाडूला हे कळतही नाही. चाचणी मात्र सोपी आहे: पंप चालू ठेवून प्रत्येक लेनमध्ये तरंगता चेंडू सोडायचा आणि तो किती सरकतो ते बघायचं.

इथे पॅरिसला २०२४मध्ये रग्बीच्या ला देफाँस अरेनात पॅनेल जोडून टाकी उभी केली, सरावाची टाकीही त्याच छपराखाली. खोली सव्वादोन मीटरहूनही कमी, म्हणून पाणी 'हळू' असल्याची, म्हणजे त्यात वेळ जास्त लागत असल्याची, ओरड झाली. खोली एक मीटरने वाढवली की जमिनीवर १२५० टन वाढतात, हे ओरडणारे विसरतात. त्याच पाण्यात चीनच्या पान झानलेने १०० मीटर ४६.४० सेकंदांत मारले. स्पर्धेनंतर टाक्या सुटल्या आणि पॅरिसला लागून असलेल्या सेन-साँ-दनी जिल्ह्यातल्या नगरांच्या वाट्याला आल्या. तिथे सिझियेमला, म्हणजे आपल्या सहावीला, पोहोचलेल्या निम्म्या मुलांना पोहता येत नाही, म्हणून.

'लांबून बोलणं सोपं आहे,' असं मला हमखास ऐकवतात. पण कर इथे भरत असूनही 'आपला तलाव' म्हटलं की मला पुण्याची बालेवाडीच आठवते, ला देफाँस अरेना जिथे आहे ते नांतेर नाही. इथल्या पिसीनमध्ये, म्हणजे पोहण्याच्या तलावात, मी टोपी घालून मुकाट्याने उतरतो, भांडावंसं मात्र तिथल्या तलावासाठीच वाटतं. बालेवाडी १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी उभी राहिली. नव्या तलावाचं भूमिपूजन करण्याआधी तिथल्या सगळ्या लेन टचपॅड लावून मोजून घ्या, चेंडूची चाचणी करा, जवळच सरावाची दुसरी टाकी आहे का ते बघा, आणि टर्न व स्ट्रोक जज, म्हणजे वळणं आणि पोहण्याची पद्धत तपासणारे पंच, तयार करायला आजपासून लागा. खुर्च्या भाड्याने मिळतात.