बोअरची टेस्ट मे महिन्यात घ्या, मग बोलू

नमस्कार दादा, सड्यावरच्या, म्हणजे वाडीवरच्या कातळी पठारावरच्या, जागेचा झोन बदलून तिथे बाटलीबंद पाण्याचा कारखाना आणायला मी विरोध केला म्हणून तुम्ही मला चांगलंच झोडपलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सगळं पाणी समुद्राला जातं, वाडीतली पोरं मुंबईत एका खोलीत सहा-सहा जण राहतायत, इथे पंधरा-वीस जणांना काम मिळालं तर ते आम्हाला बघवत नाही, आणि मी स्वतः आंब्याच्या कलमांना बोअर मारून बसलोय तर दुसऱ्याला शिकवणारा मी कोण.

शेवटचं आधी घेतो, कारण ते लागलं. हो, बोअर आहे. नवीन कलमांना पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावंच लागतं. पण तोच बोअर एप्रिल उजाडला की अर्ध्या तासात हवा ओढायला लागतो, आणि ऑक्टोबरात मात्र दिवसभर चालवा, पंप दमेल पण पाणी नाही दमणार. मी जे लिहितोय ते त्या बोअरनेच शिकवलंय हो.

दुसरं, माझी चूक. जमिनीखालच्या पाण्याच्या हिशेबात आपला तालुका धोक्याच्या वर्गात आहे असं मी घाईत लिहून बसलो, ते चुकीचं होतं, सरकारी वर्गवारीत तो 'सुरक्षित'च आहे, पकडलंत ते बरं केलंत. पण सुरक्षित म्हणजे काय तेही बघा. वर्षभरात उपसता येण्यासारखं जेवढं पाणी धरलंय त्याच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त उपसा नसेल तर सुरक्षित. आता आपल्याकडे जांभा, सगळा भोकाभोकांचा, जूनमध्ये पाणी गटागट पितो आणि खालच्या चिकणमातीवरून पऱ्या-वहाळात सोडून देतो. दिवाळीपर्यंत झरे वाहतात, शिमग्यानंतर बावीत, म्हणजे विहिरीत, कळशी बुडत नाही. वर्षाचा हिशेब झकास, मे महिन्याचा भोपळा. त्या एका 'सुरक्षित' शब्दावर सगळी फाईल पुढे सरकते, माझी तक्रार एवढीच आहे.

कारखानेवाल्यांनी बोअरची टेस्ट, म्हणजे पंप चालवून पाणी किती टिकतं ते बघणं, कधी घेतली माहितीय? सप्टेंबरच्या शेवटी! अहो तेव्हा आमच्या गोठ्यामागच्या खड्ड्याची घेतली असती तरी पास झाली असती. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, त्यात मे महिना असतो, मग परवानगी मागणाऱ्याला तो का नको?

आणि सडा 'पडीक' आहे म्हणालात. सातबाऱ्यावर वरकस नाहीतर पोटखराब, म्हणजे हलकी नाहीतर लागवडीला न येणारी जमीन, लिहिलंय, आंबा धरत नाही, मग द्या इंडस्ट्रीला, हाच विचार झोन ठरवणाऱ्यांचा पण असतो, नकाशात रंग भरणारा माणूस पावसात सड्यावर उभा राहिलेला नसतो ना. उताराच्या खालच्या दोन्ही वाड्यांचे झरे त्या सड्यावर मुरलेल्या पाण्याचे आहेत. वर काँक्रीट आणि शेड आली की ते पाणी गटारातून थेट खाडीत. १९६६ च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेतला झोन बदलायचा तर आधी सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. सूचना राजपत्रात येते, आता राजपत्र वाडीत कोण वाचतं ते तुम्हीच सांगा.

'त्याची जमीन, त्याचं पाणी' हे तुमचं वाक्य कायद्याला धरून आहे बरं का, १८८२ च्या ईझमेंट ॲक्टपासून तेच चालत आलंय. पण पाण्याला बांध दिसत नाही. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी उपसणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना एनओसीतून सूट आहे, यांनी अर्जात बरोबर त्याच्या आतला आकडा टाकलाय. १० घनमीटर म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. जलजीवन मिशनच्या, म्हणजे सरकारी नळयोजनेच्या, माणशी ५५ लिटरने धरलं तर एकशेऐंशी माणसांचं दिवसाचं पाणी, आमची अख्खी वाडी तेवढी नाही. आणि मीटर कोण बघणार? खाडीकाठच्या दोन बावी तशाही मे महिन्यात मचूळ लागतात, गोडं पाणी खाली गेलं की खारं आत सरकतं. ते पुन्हा बाहेर ढकलायला एक पावसाळा पुरतोच असं नाही.

प्लाचीमडा म्हणजे आंदोलनवाल्यांची गोष्ट म्हणून उडवून लावलंत. केरळातल्या त्या गावची पंचायत २००३ मध्ये लायसन्स द्यायला नाही म्हणाली, कोकाकोलाचा कारखाना मार्च २००४ मध्ये थांबला, हे खरं. पण २००५ मध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाने तज्ज्ञांचा अहवाल धरून रोज पाच लाख लिटरला परवानगी दिली होती, हे आमच्या बाजूचे लोक सांगत नाहीत. कोर्टात आकडा बोलतो. म्हणून मी घोषणा देत नाहीये, आकडा मागतोय, पण मे महिन्यातला.

रोजगाराचं तुमचं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही. माझाच पुतण्या पनवेलला आहे. पण कारखाना हवाच तर वाशिष्ठीच्या काठाने बघा की, कोयनेची वीज झाल्यावर ६७.५ टीएमसीपर्यंतचं अवजल त्याच नदीतून समुद्राला जातं. तुमचं 'समुद्राला जाणारं पाणी' ते आहे, आमच्या सड्याखालचं नाही. लोट्याच्या केमिकल एमआयडीसीसारखं सांडपाणी मात्र नको, दाभोळ खाडीतल्या मासेमारांना विचारा.

ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे, एप्रिल-मेमध्ये सलग टेस्ट, शेजारच्या बावींची पातळी त्याच वेळी मोजायची, आणि तोपर्यंत ना-हरकत नाही. तुम्हाला विरोध करायचा तर जरूर या, मनापासून सांगतोय. फक्त तुमचं नाव अजून इथल्या मतदारयादीत आहे की डोंबिवलीच्या, ते आधी बघून घ्या, नाहीतर एवढं येऊन हात वर करता यायचा नाही.