परराष्ट्र धोरण मूळ कागद वाचून शिकवावे

गेल्या वर्षी नोकरी सांभाळून मी आंतरराष्ट्रीय संबंधांचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला. 'भारताचे समकालीन परराष्ट्र धोरण' हा त्यातला विषय मी सर्वांत उत्सुकतेने घेतला होता. पंचशील, बांडुंग परिषद, अलिप्ततावाद, १९७१ चा भारत-सोव्हिएत मैत्री करार हे सारे नीट शिकवले गेले. १९९१ नंतरचा काळ मात्र शेवटच्या दोन तासिकांत, तोही तयार टिपणांवरून, उरकण्यात आला. इतिहास कमी करा असे मी म्हणणार नाही, कारण त्याच्याशिवाय आजचे काहीच उलगडत नाही. पण आजचे धोरण शिकवायचे तर मूळ कागद विद्यार्थ्याच्या हातात दिलाच पाहिजे, असे मला कळकळीने वाटते.

ही जाणीव एका शनिवारच्या तासाने दिली. आमच्या बाईंनी जी-२० गटाची २०२२ ची बाली घोषणा आणि २०२३ ची नवी दिल्ली घोषणा यांतले युक्रेनविषयीचे परिच्छेद छापून आणले आणि फरक दिसेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले. बालीच्या मसुद्यात २ मार्च २०२२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाचा हवाला होता, बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५ अशी मतांची नोंदही होती (त्या ३५ देशांत भारत होता), आणि रशियाने केलेले आक्रमण असा स्पष्ट शब्द होता. बहुतेक सदस्यांनी युद्धाचा तीव्र निषेध केला, हे वाक्यही होते. दिल्लीच्या मसुद्यात आक्रमक म्हणून रशियाचे नाव नाही आणि ते निषेधाचे वाक्यही नाही. त्याऐवजी भूभाग बळकावण्यासाठी कोणत्याही देशाने बळाचा वापर करू नये, असे सर्वांना लागू होणारे तत्त्व आहे. युक्रेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. एकमताची किंमत कोणी, कोणत्या शब्दांत मोजली, हे त्या दोन परिच्छेदांनी जितके दाखवले, तितके 'धोरणात्मक स्वायत्तता' (कोणत्याही गटाशी बांधून न घेता स्वतःचे निर्णय स्वतः घेणे) या शब्दाच्या दहा व्याख्या पाठ करूनही मला कळले नव्हते.

असे कागद केवळ परराष्ट्र मंत्रालयातूनच निघतात असेही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि मार्च २०२४ च्या आरंभी बांगलादेशासाठी ५० हजार टन व संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांदा पाठवण्याची मुभा दिली. लासलगावच्या बाजारात तिची चर्चा भावापुरती झाली असेल, पण निर्यातबंदी असताना कोणत्या देशासाठी दार किलकिले ठेवायचे, हा निर्णय राजनयाचाच आहे. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन कांद्याची तक्रार जाहीरपणे केली होती, हेही इथे आठवते. नाशिक जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला परराष्ट्र धोरण शिकवताना याहून जवळचे उदाहरण कुठून आणणार?

अभ्यासमंडळांकडे माझी मागणी मोठी नाही. आठवड्यातून एक तास निवेदने, ठराव, मतदानानंतरची स्पष्टीकरणे आणि अधिसूचना वाचण्यासाठी राखून ठेवावा, आणि परीक्षेत न पाहिलेला उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारावा. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी या उताऱ्यांचे काळजीपूर्वक केलेले अनुवाद हवेत, कारण वर्तमानपत्री सारांशात नेमका तोच शब्द गळून पडतो, ज्यावर रात्रभर वाटाघाटी झालेल्या असतात.

तोवर आम्ही वर्गातले चौघे दर रविवारी एकत्र बसतो. पुढच्या वेळी रशियातील कझान येथे २३ ऑक्टोबर २०२४ ला झालेल्या पंतप्रधान मोदी आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांच्या भेटीनंतर भारताने आणि चीनने स्वतंत्रपणे काढलेली निवेदने शेजारी ठेवून वाचायची, असे ठरले आहे.